हजेरी आणि हमी : देखरेखीचे दोन वारसे

गेल्या वर्षी एका सुट्टीच्या दिवशी आमच्यापैकी एकाच्या घरी बुद्धवंदनेनंतर गप्पा चालल्या होत्या. दुबईतील एका जुन्या घटनेचा विषय निघाला. २०१७ च्या फेब्रुवारीत पावसाने ओल्या झालेल्या सिटी वॉकच्या रस्त्यांवर काही तरुणांनी बेफाम गाड्या चालविल्या आणि महिनाभर रोज चार तास रस्ते झाडावेत, असा आदेश शासकांनी त्यांना दिला. मोठी माणसे त्या शिक्षेचे कौतुक करीत होती. तेवढ्यात बारा वर्षांच्या एका मुलीने विचारले, "इथे रस्ता झाडणे ही शिक्षा आहे, तर मग आपल्या पणजोबांनी कोणता गुन्हा केला होता?"

खोलीत शांतता पसरली. त्या प्रश्नाला आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते. त्याचा शोध घेताना आम्ही ज्या इतिहासापाशी पोहोचलो, तो येथे मांडत आहोत. हा इतिहास तुरुंगाबाहेरच्या शिक्षेचा, म्हणजेच देखरेखीचा आहे. माणसाला कोठडीत न डाचता समाजातच ठेवून त्याच्यावर नजर ठेवणे, ही कल्पना आज पुरोगामी मानली जाते. परंतु आपल्या देशात या कल्पनेला दोन वारसे आहेत. एक हमीचा आणि दुसरा हजेरीचा. दोन्हींची भाषा पुष्कळदा सारखी असते. म्हणूनच त्यांतील फरक ओळखणे आवश्यक आहे.

आपण राहतो त्या देशापासूनच प्रारंभ करू. संयुक्त अरब अमिरातीत २०१६ च्या दुरुस्तीने दंडविधानात समाजसेवेची शिक्षा आली. सौम्य गुन्ह्यांत, अल्पमुदतीच्या कैदेऐवजी, जास्तीत जास्त तीन महिने सार्वजनिक काम करण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. २०१८ च्या दुरुस्तीने इलेक्ट्रॉनिक देखरेख आली. पायात बसविलेल्या कड्यामुळे व्यक्तीचा ठावठिकाणा कळतो आणि ती घरी राहून शिक्षा भोगू शकते किंवा खटल्याची वाट पाहू शकते. जामिनासाठी दुसऱ्याचा पासपोर्ट न्यायालयात जमा करण्याची येथील पद्धत तर आपल्यापैकी अनेकांना प्रत्यक्ष ठाऊक आहे. अडचणीत सापडलेल्या सहकाऱ्यासाठी स्वतःचा पासपोर्ट देणारा माणूस केवढा धोका पत्करतो, हे स्थलांतरित कामगाराला समजावून सांगावे लागत नाही.

नेमक्या अशाच एका जामीनदारापासून हमीचा वारसा सुरू झाला. जॉन ऑगस्टस हा अमेरिकेतील बोस्टन शहरात जोडे बनविणारा कारागीर होता. १८४१ च्या ऑगस्टमध्ये तो पोलीस न्यायालयात बसला असता मद्यपानाच्या आरोपाखाली एका फाटक्या माणसाला उभे करण्यात आले. ऑगस्टस त्याच्याशी बोलला, त्याने दारू सोडण्याचे वचन घेतले आणि स्वतः जामीन राहिला. तीन आठवड्यांनी तोच माणूस न्यायाधीशापुढे आला तेव्हा तो ओळखू येईना. त्याला एका सेंटचा नाममात्र दंड झाला. पुढे १८५९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ऑगस्टसने सुमारे दोन हजार स्त्री-पुरुषांची हमी घेतली. त्यासाठी त्याने ना पगार घेतला ना पद. त्याचा धंदा मात्र बसला. १८७८ साली मॅसॅच्युसेट्स राज्याने कायदा करून बोस्टनसाठी पगारी परिवीक्षा अधिकारी नेमण्याची तरतूद केली. इंग्लंडमध्ये १९०७ साली तसा कायदा झाला. आज जगभर ज्याला 'प्रोबेशन' म्हणतात त्याचा उगम एका जोडेवाल्याच्या शब्दात आहे. कातडे शिवणारा हात समाजालाही सांधू शकतो, हे आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको.

या पद्धतीची तत्त्वे साधी होती. आधी गुन्हा सिद्ध झाला पाहिजे. देखरेख एका व्यक्तीवर असेल, तिच्या जातीवर किंवा कुटुंबावर नाही. तिला मुदत असेल. आणि देखरेख करणारा माणूस पहारेकरी नसून त्या व्यक्तीच्या सुधारणेचा साथीदार असेल.

हिंदुस्थानात हे तत्त्व सावकाश आले. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ५६२ नुसार पहिल्यांदा गुन्हा करणाऱ्याला चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येत असे. मुंबई प्रांताने १९३८ साली स्वतंत्र परिवीक्षा कायदा केला. स्वातंत्र्यानंतर १९५८ चा अपराधी परिवीक्षा अधिनियम संपूर्ण देशासाठी आला. त्यानुसार न्यायालय समज देऊन किंवा बंधपत्रावर अपराध्याला सोडू शकते. एकवीस वर्षांखालील अपराध्याला शक्यतो तुरुंगात पाठवू नये आणि पाठवायचेच असेल तर कारणे लिहून ठेवावीत, असे तो सांगतो. कलम १२ तर विशेष महत्त्वाचे आहे. परिवीक्षेवर सुटलेल्या व्यक्तीला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता चिकटू नये, अशी त्याची योजना आहे. म्हणजे कायदा केवळ सोडत नाही, तर कपाळावरचा शिक्काही पुसू पाहतो.

आता दुसरा वारसा पाहू.

१८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यामागचा युक्तिवाद आपण नीट समजून घेतला पाहिजे, कारण तो परकीय डोक्यातून आयता निघालेला नव्हता. या देशात विणकाराचा मुलगा विणकर, सुताराचा मुलगा सुतार होतो. त्याच न्यायाने गुन्हेगाराचा मुलगाही गुन्हेगारच होणार, असे विधिमंडळात मांडण्यात आले. जातिव्यवस्थेचे तर्कशास्त्र जसेच्या तसे उचलून त्याला कायद्याचा कोट चढविण्यात आला. प्रारंभी हा कायदा उत्तर हिंदुस्थानात लागू होता. १९११ च्या कायद्याने तो सर्व प्रांतांना लागू करता येऊ लागला आणि १९२४ साली त्याचे एकत्रित रूप तयार झाले. एखादी जमात 'गुन्हेगार' म्हणून घोषित झाली की त्या घोषणेला न्यायालयात आव्हान देता येत नसे.

आपल्या भागात पारधी, कैकाडी, बेरड-रामोशी, भामटा, कंजारभाट, मांग-गारुडी अशा अनेक समाजांच्या वाट्याला हा शिक्का आला. नोंद झालेल्या माणसाच्या बोटांचे ठसे घेतले जात. त्याला ठरावीक वेळी हजेरी द्यावी लागे. गाव सोडायचे तर दाखला हवा, आणि पोहोचलेल्या गावी तो दाखवून पुन्हा हजेरी. घरात बाळंतीण असो की मृत्यू झालेला असो, हजेरी चुकली की तो स्वतंत्र गुन्हा. ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान सात वर्षे कैद आणि तिसऱ्यांदा जन्मठेप काळे पाणी, अशी तरतूद होती. मुलांना आईबापांपासून वेगळे करून औद्योगिक शाळेत ठेवण्याचाही अधिकार सरकारने घेतला होता. हजेरीचा हा जाच अण्णा भाऊ साठे यांच्या 'फकिरा' या कादंबरीत येतो. १९५९ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. पुढे लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'ने आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ने या समाजांचे जगणे आतून सांगितले.

मुंबई प्रांताने या कायद्याखाली वसाहती उभारल्या. विजापूर, हुबळी, गदग, बारामती आणि सोलापूर ही त्यांतील काही ठिकाणे. सोलापूरच्या सेटलमेंटभोवती तारेचे कुंपण होते आणि आतली माणसे शहरातील कापड गिरण्यांना कामगार म्हणून मिळत. ओ. एच. बी. स्टार्ट हे अधिकारी या वसाहतींचे प्रमुख होते. त्यांनी देखरेखीच्या पायऱ्या आखल्या होत्या. प्रथम कुंपणाच्या आतली वसाहत, वर्तणूक चांगली राहिली तर कुंपणाबाहेरची 'फ्री कॉलनी', आणि त्यानंतर परवान्यावर सुटका. वसाहतीत शाळा होती, दवाखाना होता, नियमित मजुरी होती. आजच्या भाषेत सांगायचे तर हा 'समाजाधारित पुनर्वसनाचा कार्यक्रम' होता. फक्त एक गोष्ट नव्हती. आत असलेल्या कित्येकांवर कोणताही गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. कुंपणात जन्मलेले मूल आधीच आरोपी होते.

या टप्प्यावर हा इतिहास आपल्या चळवळीच्या इतिहासाला येऊन भिडतो. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष स्टार्ट होते आणि सदस्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर, डॉ. पी. जी. सोळंकी आणि ठक्करबाप्पा होते. १९३० साली अहवाल आला. त्यातून पुढे मागासवर्ग खाते उभे राहिले आणि गुन्हेगार वसाहतींचा अधिकारीच मागासवर्ग अधिकारी झाला. आपल्या आजोबांच्या पिढीला ज्या खात्याकडून वसतिगृह आणि शिष्यवृत्ती मिळाली, त्याच खात्याच्या दुसऱ्या टेबलावर वसाहतींची हजेरीपुस्तके होती. एका हाताने शिक्षणाचे दार उघडणारे आणि दुसऱ्या हाताने कुंपणाचे फाटक लावणारे असे ते कार्यालय होते. ही गोष्ट आपण विसरता कामा नये. सरकारी दयेचे स्वरूप नेहमीच दुहेरी असते. म्हणून बाबासाहेबांनी दया मागितली नाही, हक्क मागितले.

बाबासाहेबांनी या समाजांना आपल्या विचारातून कधी वगळले नाही. १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये त्यांनी हिंदू समाजाला विचारले की, तुमच्यामध्ये राहणाऱ्या आदिवासींना तुम्ही रानटी अवस्थेत आणि गुन्हेगारीच्या जगण्यात का राहू दिले. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी हिंदू संस्कृतीच्या पदरात तीन वर्ग टाकले. सुमारे दोन कोटी गुन्हेगार जमाती, दीड कोटी आदिवासी आणि पाच कोटी अस्पृश्य. हे तिन्ही वर्ग त्यांनी एकाच व्यवस्थेची निर्मिती म्हणून शेजारी शेजारी ठेवले. दोष माणसांच्या रक्तात नसून त्यांना तसे जगायला लावणाऱ्या समाजात आहे, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता.

आता १९३७ ते १९३९ हा काळ पाहा. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ होते आणि गृहखाते कन्हैयालाल मुनशी यांच्याकडे होते. याच सरकारच्या काळात परिवीक्षा कायदा झाला, ज्यात एका व्यक्तीच्या पहिल्या गुन्ह्याकडे क्षमेने पाहण्याचे तत्त्व होते. याच काळात मुनशी यांच्याच अध्यक्षतेखाली गुन्हेगार जमाती कायद्याची चौकशी झाली. कायदा मात्र त्यानंतरही दशकभर टिकला. एकाच प्रांतात, एकाच वेळी, चोरी केलेल्या एखाद्या तरुणाला बंधपत्रावर घरी जाता येत होते आणि काहीही न केलेल्या पारध्याला चावडीवर हजेरी द्यावी लागत होती. हमी आणि हजेरी यांतील अंतर जन्माने ठरत होते.

मुंबई प्रांताने १९४९ साली हा कायदा रद्द केला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभरातून गेला. समतेचा, संचाराचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क देणाऱ्या संविधानाच्या राज्यात त्याला जागा उरली नव्हती. हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. परंतु कायदा गेला तरी नोंदवही गेली नाही. त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. मुंबई राज्याचा तसा कायदा १९५९ चा आहे. शब्द बदलले, जमातीऐवजी व्यक्ती आली. तरी संशयाची सवय तीच राहिली. गावात चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालावर पडते, हे महाराष्ट्रात आजही नवे नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निर्णय देताना तुरुंगांतील जातिनिहाय कामवाटप घटनाबाह्य ठरविले. झाडूकाम विशिष्ट जातीच्या कैद्याला आणि स्वयंपाक दुसऱ्या जातीच्या कैद्याला देणारे नियम तोपर्यंत काही राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत होते. विमुक्त जमातींना जन्मतः सराईत गुन्हेगार समजणाऱ्या तरतुदीही न्यायालयाने मोडीत काढल्या. प्रजासत्ताकाला यासाठी पंचाहत्तर वर्षे लागली.

इतिहास लिहिताना दुसऱ्यांचा हिशेब मांडणे सोपे असते. आपलाही मांडला पाहिजे. वतनदार महार हा पाटलाच्या हाताखालचा गावकामगार होता. गावात आलेल्या परक्याची खबर देणे आणि चोराचा माग काढणे ही कामे त्याच्याकडे होती. म्हणजे हजेरी घेणाऱ्या यंत्रणेच्या सर्वांत खालच्या पायरीवर आपलेच काही पूर्वज उभे होते. त्यात त्यांचा दोष नव्हता. वतन ही गुलामीच होती आणि ती मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली विधिमंडळात विधेयक मांडले. परंतु श्रेणीबद्ध विषमता कशी चालते, हे यातून दिसते. ती एका पिडलेल्याच्या हाती काठी देऊन त्याला दुसऱ्या पिडलेल्यावर पहारा करायला लावते. आमच्यापैकी एकाचे बालपण सोलापुरात गेले. 'सेटलमेंटातली पोरं' हे शब्द तेथे शिवीसारखे वापरले जात, आणि ते वापरणाऱ्यांत आम्हीही होतो. माळावर पाल पडले की दारांना कड्या लावणाऱ्यांत आमची घरेही होती. आज ते लिहिताना लाज वाटते.

आपल्या धम्माने या बाबतीत फार पूर्वी वेगळा मार्ग दाखविला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पतित आणि गुन्हेगार यांच्या धम्मदीक्षेला स्वतंत्र भाग दिला. त्यात अंगुलिमालाची कथा आहे. अंगुलिमाल खरोखर खुनी होता; म्हणून ही भाबड्या क्षमेची गोष्ट नाही. राजा पसेनदी शस्त्रधारी घोडेस्वार घेऊन त्याला पकडायला निघाला होता. भगवंतांनी राजाला विचारले की, तो शील पाळणारा भिक्खू झालेला दिसला तर काय कराल. राजाने आदर करू असे सांगितले आणि मग अंगुलिमाल समोरच बसलेला आहे हे त्याला कळले. या प्रसंगात भगवंत हमीदार आहेत. पुढे भिक्षेला गेलेल्या अंगुलिमालाला लोकांनी ढेकळे आणि काठ्या मारल्या. डोके फुटून, भिक्षापात्र फुटून तो परतला. राज्याने सोडले, पण समाजाने सोडले नव्हते. तेव्हाही भगवंतांनी त्याला धीर दिला आणि संघाने त्याला टाकले नाही. परिवीक्षेचे सारे शास्त्र या कथेत आहे. माणूस बदलू शकतो, परंतु तो बदलत असताना त्याच्याजवळ कोणीतरी उभे राहावे लागते.

आपल्यापैकी पुष्कळ जण संगणक क्षेत्रात काम करतात, म्हणून एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. हजेरीपुस्तक आता कागदाचे राहिलेले नाही. अमेरिकेत आरोपी पुन्हा गुन्हा करील काय याचा अंदाज बांधणारी 'कॉम्पास' ही प्रणाली न्यायालयांत वापरली जाते. २०१६ साली पत्रकारांनी तिची तपासणी केली. पुढे गुन्हा न करणाऱ्या लोकांनाही धोकादायक ठरविण्याची तिची चूक कृष्णवर्णीयांच्या बाबतीत गोऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट आढळली. भारतात २०२२ च्या ओळखविषयक कायद्यानुसार घेतलेली शारीरिक मोजमापे ७५ वर्षे जपून ठेवता येतात. जुन्या पोलीस नोंदींवर नवी प्रणाली शिकविली, तर ती १८७१ चाच धडा गिरवील. फक्त तो कोणाला वाचता येणार नाही. प्रणालीत जातीचा रकाना नसला म्हणून जात नाहीशी होत नाही. आडनाव, वस्ती आणि बापाचा गुन्हेगारी अभिलेख यांतून ती पुन्हा आत येते. अशी कामे आपल्या टेबलावर येतील तेव्हा तीन प्रश्न विचारणे हे आपले कर्तव्य आहे. ही देखरेख सिद्ध कृत्यावर आहे की संशयावर? तिला शेवटची तारीख आहे काय? आणि शिक्का पुसण्याची सोय आहे काय? या तिन्हींची उत्तरे नीट असतील तर ती हमी. नसतील तर ती हजेरी, मग तिचे यंत्र कितीही नवे असो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत समाजसेवा ही शिक्षा म्हणून प्रथमच आली आहे. पाच हजार रुपयांखालील पहिली चोरी, दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन, बदनामी अशा मोजक्या गुन्ह्यांसाठी ती आहे. तिचे आम्ही स्वागत करतो. गरिबाचा मुलगा एका चुकीसाठी तुरुंगात सडू नये, हे आपल्याच समाजाच्या हिताचे आहे. पण समाजसेवा म्हणजे झाडू, असे समीकरण तेथे रूढ होऊ नये. रुग्णालयात मदत, वाचनालयातील काम, वृक्षलागवड, शिकविणे, असे कितीतरी मार्ग आहेत. ज्या देशात झाडणे हे हजारो वर्षे जन्माने लादले गेले, तेथे ते शिक्षा म्हणून दिले की रोज सकाळी पोटासाठी रस्ता झाडणाऱ्या बाईचा अपमान होतो. तिने तर काहीच केलेले नाही.

त्या मुलीला आम्ही पुढच्या बैठकीत उत्तर दिले. तुझ्या पणजोबांनी कोणताही गुन्हा केला नव्हता. शिक्षा आधी ठरली होती. गुन्हा म्हणून त्यांचा जन्म पुरेसा होता. बाबासाहेबांनी ज्या संविधानाला आकार दिला, त्याने हा क्रम उलटा केला. आधी कृत्य, मग पुरावा, मग शिक्षा, आणि तीही मोजून. तिने थोडा विचार केला आणि विचारले, "आणि पारध्यांच्या मुलांचे काय?"

या प्रश्नाचे उत्तर नुसत्या लेखाने देता येणार नाही. येत्या ३१ ऑगस्टला आपल्या घरांतून या इतिहासाचे वाचन व्हावे, सुट्टीत गावी जाणाऱ्यांनी विमुक्त समाजाच्या मुलांसाठी चालणाऱ्या एखाद्या आश्रमशाळेला भेट द्यावी, आणि जी मदत आपण जयंतीच्या मंडपाला देतो तिचा एक वाटा तेथे पोहोचवावा, एवढी विनंती आम्ही करतो. बोस्टनच्या त्या कारागिराने न्यायालयात उभे राहून एवढेच म्हटले होते की, या माणसासाठी मी जामीन राहतो. ते म्हणण्याची पाळी आता आपली आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.